बाबा, मी प्रचालकपद सोडलंय

कर्वेनगर, पुणे
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेलं की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते, मग विषय भाजीवर जातो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

बुधवारी मी मराठी विकिपीडियाचं प्रचालकपद सोडलं. विनंती टाकली, अधिकार काढूनही झाले. तेव्हा विचारायला नाही, सांगायलाच लिहितेय. लिहिणं सोडलेलं नाही, खातं तेच आहे. पानं वगळणं, सुरक्षित करणं, उत्पात करणाऱ्याला प्रतिबंध घालणं, एवढंच आता माझ्याकडे नाही. बाबा, प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना तुम्ही किती कौतुकाने सांगता ते मला माहीत आहे. त्यांना काही वेगळं सांगावं लागणार नाही. मुलगी अजून लिहिते, हे खरंच आहे.

कारण तुम्हाला ठाऊक आहे, आपण ते बोललो नाही इतकंच. एकादशीची रात्र. आईचे सात मिस्ड कॉल. मी झोपले नव्हते गं आई. एका संतांच्या पानावर कुणीतरी त्यांची जात पुन्हा पुन्हा बदलत होतं, मी ते उलटवत होते, आणि फोन आवाज बंद करून पलंगावर पालथा पडला होता. बारा वाजून दहा मिनिटांनी पाहिला. तोवर वरच्या काकूंनी बाबांना साखरपाणी दिलं होतं आणि तू घामाने भिजलेला त्यांचा सदरा बदलत होतीस. ग्लुकोमीटरवर साखर ५८ आली होती, फारच कमी. "आता बरे आहेत, तू झोप," असं तूच मला म्हणालीस. मला रागवली असतीस तर बरं वाटलं असतं.

एका रात्रीमुळे सोडलं असं मात्र समजू नका. १ मे २००३ ला सुरू झाल्यापासून हा ज्ञानकोश बिनपगारी माणसांनी उभा केलाय, आणि तो मला आजही तितकाच आपला वाटतो. पण प्रचालकाचा वेळ लिहिण्यात जात नाही, समजावण्यात जातो. कुणी पेपरातला लेख जसाच्या तसा आणून चिकटवतं. "छापून आलंय, सगळ्यांनी वाचलंय, मग काय हरकत आहे?" लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, हे प्रत्येक नव्या माणसाला नव्याने सांगायचं, तेही गोड शब्दांत, कारण तो दुखावला तर परत येत नाही. कुणी विचारतं, महाराजांचा उल्लेख एकेरी का? बाबा, तुमच्याविषयी एकेरीत लिहायला माझाही हात धजणार नाही, त्यामुळे त्या माणसाचं दुखणं मला कळतं. तरी कोशाची भाषा कशी असते ते सांगायचं, आणि "तू कोण ठरवणार?" ऐकून घ्यायचं. दिवसा ऑफिस, रात्री 'अलीकडील बदल'चं पान. हळूहळू मला प्रत्येक नव्या नावाचा संशय यायला लागला. ते मला आवडलं नाही.

आता तुमच्या शाळेतल्या गुरुजींचं पान.

तुम्ही ते चार दिवस खपून, एका बोटाने मोबाइलवर लिहिलं होतंत. संदर्भ नव्हते, म्हणून मीच ते वगळलं. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे, नियम सगळ्यांना सारखा." त्या रात्री तुम्ही ताक-भात अर्धा टाकून उठलात, असं आई नंतर म्हणाली. वडिलांनी लिहिलेलं म्हणून पान ठेवलं असं कुणी म्हणू नये, याची मला फार घाई झाली होती. दुसऱ्या कुणाला निर्णय घ्यायला सांगता आलं असतं. निदान आधी तुम्हाला फोन करता आला असता. चूक पान वगळण्यात नव्हती, बाबा. तुम्हाला ते पान उघडल्यावर कळलं, तिथे होती.

वगळलेलं पान इतरांना दिसत नाही, प्रचालकाला दिसतं. विनंती टाकायच्या आदल्या रात्री शेवटचं काम म्हणून मी ते उघडलं आणि सगळा मजकूर उतरवून घेतला. एक अक्षर बदललं नाही. छापून आणतेय, मोठ्या टाइपात. ते पान पुन्हा चढेल असं वचन देत नाही. पण पुणे नगर वाचन मंदिरात जुनी नियतकालिकं चाळायला लागले आहे. शाळेचं, गुरुजींचं कुठे काही छापून आलं असेल तर शोधते.

दिवे गेले की कंदिलापुढे बसवून तुम्ही शुद्धलेखन घालायचात. चुकलेली वेलांटी पाच वेळा लिहायची, आणि मी पेंगायला लागले की आई ओट्यावरून गूळ-शेंगदाणे आणून तळहातावर ठेवायची. ते तळहातावरचं मला अजून आठवतं.

आता ऐका. उपास करू नका असं मी म्हणणार नाही. पण बाबा, तुमची ती मधुमेहाची गोळी पोटात काही नसलं तरी साखर खाली आणते. उपासाच्या दिवशी किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा, मनाने ठरवू नका. उशाशी साखरेची छोटी डबी ठेवा. थरथरलं, घाम फुटला की तीन चमचे पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि मग थोडं खायचं. आई, माळ्यावर चढायचं नाही. पापडांचा डबा मी आल्यावर काढेन. सिलिंडर मी इथून नोंदवलाय, आलेल्या माणसाकडूनच आत आणून घे.

माझी काळजी नको. डबा वेळेवर येतो, साडेदहाला लॅपटॉप बंद होतो, फोन उशाशी असतो आणि आवाज मोठा असतो. रात्री कितीही वाजता करा.

शनिवारी स्वारगेटहून पहिल्या गाडीने येते. बाबा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा तो जुना फोटो शोधून ठेवा, मागे नावं लिहिलेला.

तुमची,
ताई

ता. क. आई, भाकरी तू कर. पिठलं मी करणार.