बंदुकीची नळी कुणाही लेथवर देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक लागली की आमच्या भागातल्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. त्या परत मिळेपर्यंत कधी कधी मध्ये पावसाळा निघून जातो. मग लोक गोणपाटात गुंडाळलेली गंजकी नळी घेऊन माझ्या दुकानाची पायरी चढतात. जे माझ्याकडे किंवा दुसऱ्या एखाद्या परवानाधारक दुरुस्तीकाराकडे येतात, त्यांची मला काळजी नाही. वाटेत ओळखीच्या लेथवर थांबून ‘जरा आटे साफ करून दे’ म्हणणाऱ्यांसाठी हे पत्र लिहितो आहे.

मी कोल्हापुरात वडिलांच्या हाताखाली हे काम शिकलो. उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या टर्नरांच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्यांच्या, हातातली कला मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इंजिनाचा स्टड आणि राइफलची नळी यांत फार मोठा फरक आहे.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आजोबांची राइफल घेऊन आले. जुनी, मॉझर पद्धतीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, तेव्हापासून ती कपाटातच होती. नळी ज्या भागात आट्यांनी बसते त्या बॉडीच्या सांध्यात गंज धरला होता. कुणीतरी पाइप पान्याने जोर लावून नळी सोडवली, त्यात आटे ओरबाडले, आणि मग एका लेथवर ते ‘नवे’ करून घेतले. नळी हाताने सरसर फिरत होती, शेवटी घट्टही बसत होती. मालक खूश होते. त्यांना फक्त नळी बसवून हवी होती.

मॉझर जर्मन, पण तिच्या नळीचा आटा इंचातला आहे. मोठ्या बॉडीच्या मॉझर ९८ ला १.१ इंच व्यास, इंचाला १२ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश. हा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ मध्ये मांडला. आज आपल्याकडचा बहुतेक माल मेट्रिक, म्हणजे ६० अंशांचा. वाचकांना ५५ अंशांचा आटा पाहायचा असेल तर घरातला अर्धा इंची नळ उघडून बघावा. त्याला इंचाला १४ आटे असतात आणि ते याच जुन्या कोनाचे असतात.

त्या नळीवर मी आधी पिच गेज (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासायची दातेरी पाती) धरलं. १२ चं पातं उजेडासमोर चोख बसलं. पिच बरोबर होती. मग तीन तारा घेतल्या. एका बाजूला दोन, समोर एक, त्यांच्यावरून मायक्रोमीटर. या आट्याला १.१९ मिलिमीटरची तार लागते. माप २८.३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं होतं, ते थोडंसंच कमी आलं. बऱ्याच जणांनी इथेच हात झटकून ‘चालतंय’ म्हटलं असतं. पण ही तार आट्याच्या बरोबर मध्यावर टेकते, त्यामुळे कोन चुकला तरी माप जवळपास तेच येतं. वडिलांनी मला लावलेली सवय अशी की कोनाचा संशय आला तर दुसऱ्या, जाड तारांनी पुन्हा मोजायचं. ती तार आट्याच्या माथ्याकडे टेकते. दोन्ही मापांवरून मधला व्यास काढला आणि आकडे जुळले नाहीत, तर कोन चुकलेला असतो. इथे ते जुळले नाहीत.

खात्रीसाठी बॉडीच्या आतल्या आट्यांना ब्लू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, लावला, नळी फिरवून परत काढली आणि भिंग घेऊन खिडकीत बसलो. आट्याच्या उतारावर रुंद निळा पट्टा उमटायला हवा होता. तिथे मुळाशी केसासारखी एक रेघ होती, बाकी उतार कोरडा. ६० अंशांचं टूल लावून ५५ चा आटा कापला होता. नळीला धरून ठेवायला ती रेघच काय ती होती.

या नळीत जे काडतूस चालतं, त्याचा दाब ३९०० बारपर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतो. हा सगळा प्रकार मारणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर घडतो. शिवाय नळी किती आत बसते त्यावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता अडसर, आणि काडतूस यांच्यातली फट ठरते. आटा सैल झाला की ती फटही भरवशाची राहत नाही.

ओरबाडलेला आटा दुरुस्त होतो, नाही असं नाही. पण त्याला वेळ द्यावा लागतो. टूल घासून सेंटर गेजच्या, म्हणजे कोन तपासायच्या पट्टीच्या, ५५ च्या खाचेत जुळवायचं, हाफ नट (टूलची गाडी लेथच्या आट्याच्या दांड्याला जोडणारा नट) लावून चक हाताने पुढे फिरवायचा म्हणजे गिअरांमधली ढिलाई निघून जाते, मग वरच्या स्लाइडने टूल जुन्या खाचेत आणायचं. मागे पांढरा कागद धरून दोन्ही उतारांना सारखा उजेड दिसतो का ते पाहायचं. मशीन त्यानंतर सुरू करायचं. आणि काढायची फक्त वर आलेली धातूची खरखरीत कोर, आटा खोल करायचा नाही. माझा अर्धा दिवस यातच जातो.

पिचमध्येही असाच घात होतो. इंचाला १४ आटे म्हणजे १.८१४ मिलिमीटर. मेट्रिकचं १.७५ चं पातं दोन आट्यांवर ठेवलं तर फरक डोळ्याला कळत नाही, दहा आट्यांवर तो ०.६४ मिलिमीटर होतो. म्हणून पातं पूर्ण लांबीवर धरावं.

ती नळी मी बसवून दिली नाही. गृहस्थ नाराज झाले, दुसरीकडे जाईन म्हणाले. मी त्यांना भिंग दिलं आणि ती निळी रेघ दाखवली. बराच वेळ पाहून ते खाली बसले. ती राइफल आता कधीही न वापरण्याच्या बोलीवर घरात आहे. आजोबांची वस्तू अशी वाया गेल्याचं मलाही वाईट वाटतं, कारण नुसता गंज असता तर ती वाचली असती.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. हे बऱ्याच लेथवाल्यांना माहीतच नसतं, ओळखीखातर ते काम घेतात आणि स्वतःही अडचणीत येतात. प्रशासनाला माझी विनंती आहे की जमा बंदूक परत देताना मालकाला जी पावती मिळते, तिच्यावर ‘दुरुस्ती फक्त परवानाधारकाकडूनच करून घ्यावी’ एवढी एक ओळ छापावी. आणि टर्नरकाम शिकणाऱ्या मुलांना ५५ चं सेंटर गेज नुसतं दाखवू नये, त्याच्या मापाने एकदा तरी टूल घासायला लावावं. माझ्याकडे अशी मुलं आली तर तारांनी मोजायला मी आनंदाने शिकवीन, बंदुकीला हात न लावता, साध्या नळाच्या तुकड्यावर.

आपला,
एक परवानाधारक बंदूक दुरुस्तीकार, कोल्हापूर