वर्णपट छापताना मानक ताऱ्याचे नावही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पानावर हौशी निरीक्षकांनी घेतलेले ताऱ्यांचे वर्णपट अधूनमधून छापून येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या आलेखातला चढउतार ताऱ्याचा किती आणि यंत्राचा किती, हे वाचकाला कळत नाही. कॅमेऱ्याची चिप निळ्या टोकाला मंद असते, ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी) मधल्या पट्ट्यात जास्त प्रकाश देते, त्यात हवेचे शोषण. अभिजितसारखा निळसर-पांढरा ताराही कच्च्या आलेखात हिरव्या भागात सर्वांत तेजस्वी दिसतो!

यावरचा उपाय जुनाच आहे. ज्याचा वर्णपट एखाद्या संग्रहात आधीच मोजून ठेवलेला आहे असा ए किंवा बी वर्गाचा (उष्ण, निळसर-पांढरा) तारा, म्हणजेच मानक तारा, त्याच रात्री, त्याच स्लिटने (प्रकाश आत घेणाऱ्या अरुंद फटीने) आणि लक्ष्य ताऱ्याच्या जवळपास तेवढ्याच उंचीवर असताना टिपायचा. निऑन दिव्याच्या ५८५२.५ आणि ६४०२.२ अँगस्ट्रॉमसारख्या (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रेषांवरून तरंगलांबी बसवायची. मग आपल्या मोजमापाला संग्रहातल्या वर्णपटाने भागायचे. हायड्रोजनच्या रेषा आणि हवेतल्या ऑक्सिजनचे ६८७० व ७६०० जवळचे पट्टे वगळून उरते ती यंत्राच्या प्रतिसादाची वक्ररेषा. ती गुळगुळीत करायची आणि लक्ष्याच्या वर्णपटाला तिने भागायचे.

बहुतेकांची गाडी अडते ती विभेदनावर, म्हणजे यंत्र किती बारीक तपशील वेगळा दाखवते त्यावर. यंत्र १० अँगस्ट्रॉमचे आणि संग्रह २.५ चा असेल, तर भागण्याआधी संग्रहातला वर्णपट मुद्दाम धूसर करावा लागतो. त्यासाठी दोन्ही आकड्यांच्या वर्गांच्या वजाबाकीचे वर्गमूळ घ्यायचे, म्हणजे ९.७. हा आकडा रेषेच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीचा आहे. सॉफ्टवेअर सिग्मा (प्रमाण विचलन) मागत असेल तर २.३५५ ने भागून ४.१ भरायचा. इथे ९.७ तसाच भरला तर प्रत्येक शोषणरेषेपाशी वक्ररेषेला खोटे खड्डे आणि टेंगळे येतात.

दुसरी चूक हवेतली आणि निर्वातातली तरंगलांबी यांची गल्लत करण्याची. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट निर्वात तरंगलांबीत असतात, तिथे हायड्रोजनची एच-अल्फा रेषा ६५६४.६ ला सापडते. आपल्या हवेतल्या मोजणीत ती ६५६२.८ ला येते. ही तफावत विसरलात तर तारा सेकंदाला सुमारे ८३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतोय असे वाटेल. शिवाय हवा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकवते. म्हणून स्लिट क्षितिजाला उभी नसेल आणि तारा क्षितिजाकडे कलला असेल, तर निळा प्रकाश स्लिटच्या बाहेर पडतो. उंची ४०-४५ अंशांवर आली की ४००० आणि ७००० अँगस्ट्रॉमच्या प्रतिमांत एका कोनीय सेकंदाहून (अंशाच्या ३६०० व्या भागाहून) जास्त अंतर पडते.

संग्रह कोणता घ्यावा? पुण्यात सर्वांच्या तोंडी इंडो-यूएस संग्रहाचे नाव येते, कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे रंजन गुप्ता होते. अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेच्या ०.९ मीटर कूदे फीड दुर्बिणीने टिपलेले १२७३ तारे, त्यांपैकी ८८५ चे वर्णपट ३४६० ते ९४६४ अँगस्ट्रॉमपर्यंत. रेषा पाहायला हा संग्रह उत्तम. मात्र त्यातला सातत्यपटाचा (रेषा वगळून उरणाऱ्या सलग प्रकाशाचा) उतार थेट मोजलेला नसून पिकल्स यांच्या १९९८ च्या संग्रहातल्या जुळत्या वर्णपटांवरून बसवलेला आहे. म्हणून प्रतिसादवक्रासाठी तो वापरू नये, आपला असला तरी. काही ताऱ्यांत मधला भाग मोजलेलाच नाही आणि तिथे नगण्य आकडा भरलेला असतो. त्याने भागले की आलेख आभाळाला टेकतो. उतारासाठी ला पाल्मा बेटावरच्या २.५ मीटर दुर्बिणीने टिपलेला माइल्स संग्रह (९८५ तारे, ३५२५ ते ७५०० अँगस्ट्रॉम) किंवा हबल अवकाश दुर्बिणीच्या कॅल्स्पेक संग्रहातले मानक तारे घ्यावेत. मानक ताराही कायमचा भरवशाचा नसतो. स्लोनने आधार मानलेला बीडी+१७ ४७०८ हा तारा १९८६ ते १९९१ दरम्यान सुमारे ०.०४ प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) उजळल्याचे २०१५ मध्ये दाखवले गेले.

दीर्घिकांचे नमुना-वर्णपट यासाठी अजिबात घेऊ नयेत. अशा वर्णपटांचा किनी-कॅल्झेट्टी संग्रह १०×२० कोनीय सेकंदांच्या खिडकीतून आलेल्या प्रकाशाचा. आपली अरुंद स्लिट दीर्घिकेचा फक्त गाभा पाहते आणि तो सहसा जास्त तांबूस असतो. ताम्रसृती (रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या ते) काढायला ते ठीक.

तेव्हा विनंती एवढीच, की वर्णपटाखाली मानक ताऱ्याचे नाव, त्याची उंची, वापरलेला संग्रह आणि विभेदन छापावे. प्रतिसादाची दुरुस्ती केलेली नसेल तर तसेही लिहावे. रेषा ओळखायला कच्चा आलेखही चालतो.

आपले,
वर्णपट-निरीक्षक दोन वाचक, पुणे