सायंप्रार्थना रेडिओवर जशीच्या तशी ऐकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या पुरवणीत 'आता रेडिओ ऐकतो कोण' अशा सुराचा लेख आला होता. मी ऐकतो. वय ७४, टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसच्या (आरएमएस) सॉर्टिंगमधून निवृत्त, मुक्काम मानेवाडा, नागपूर. पण रेडिओचा कैवार घ्यायला हे पत्र नाही. दर बुधवारी रात्री जेवणे आटोपली की मी जे ऐकत बसतो, त्यावरून एक मागणी सुचली आहे.

बीबीसी रेडिओ ३ वर बुधवारी 'कोरल इव्हनसाँग' असते. तिथे तेव्हा दुपार कलत असते, आपल्याकडे रात्र. हिवाळ्यात त्यांची घड्याळे मागे सरकली की आपल्याला आणखी तासभर जागावे लागते. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चमध्ये संध्याकाळी जी गायिलेली उपासना होते तीच हे लोक ऐकवतात, बहुतेक वेळा थेट. या आठवड्यात एक कॅथेड्रल, पुढच्या आठवड्यात दुसरेच कुठले कॉलेजचे चॅपल. पहिले प्रसारण ७ ऑक्टोबर १९२६ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून झाले. म्हणजे २०२६ च्या ऑक्टोबरात शंभर वर्षे.

मला याची गोडी लावली ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याने. रात्रपाळीत पत्रे खणात टाकता टाकता तो स्तोत्रे पुटपुटायचा. आम्ही त्याला म्हणायचो, "भाऊ, चाल तर धर." तो म्हणायचा, "ही चालच आहे." तेव्हा ते पटले नाही. तो जाऊन बरीच वर्षे झाली. मोबाइल हातात आल्यावर एकदा त्याची आठवण म्हणून हे प्रसारण शोधून काढले, आणि मग चटकच लागली.

आमच्या घरून पहिला अभिप्राय आला तो असा : "काहून रडून राहिले हे लोक? कोणी गेलं का?" त्यांचेही बरोबर होते. टाळ नाही, मृदंग नाही, ठेका म्हणून नाही. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, माझेही बोट सम शोधत मांडीवर आपटत राहिले आणि शेवटी गप्प बसले. पण चार-पाच बुधवार गेल्यावर त्या सहकाऱ्याचे म्हणणे कळले. स्तोत्राची ओळ कितीही लांब असो, तिचा बराचसा भाग एकाच स्वरावर म्हणायचा आणि शेवटच्या चार-दोन शब्दांवर चाल वळवायची. ओळ लांबली तर स्वर लांबतो, चाल तीच राहते. आमची आजी पोथी अशीच वाचायची. फरक एवढाच की ती एकटी असे, आणि इथे मुले वरचा स्वर, पुरुष खालचे तीन, असे चार आवाजांचे एक होऊन शब्द एकदम पडतात. एका श्वासाचाही इकडेतिकडे फरक नाही.

गायकांचे दोन गट समोरासमोर बसतात. एका बाजूने ओळ म्हटली की दुसऱ्या बाजूने पुढची. हरिपाठात टाळकरी दोन रांगा करून एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे काही वेगळे समजावून सांगायला नको.

या उपासनेचा इंग्रजी साचा १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातला. त्याआधी संध्याकाळच्या दोन वेगळ्या प्रार्थना लॅटिनमध्ये होत. आर्चबिशप क्रॅन्मर यांनी त्या एकत्र गुंफून लोकांच्या भाषेत आणल्या. आपल्याकडे नाथमहाराजांचेही तेच शतक. पुढे १६४५ मध्ये तिथल्या पार्लमेंटने हे पुस्तकच बंद केले, ते १६६० नंतर परत आले, आणि १६६२ ची आवृत्ती आजही वापरात आहे. दोन गीते मात्र दर वेळी ठरलेली : आधी येशूच्या आईचे, मरीयेचे, मग बाळ येशूला डोळे भरून पाहणाऱ्या म्हाताऱ्या शिमोनाचे. दोन्ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली. शब्द तेच, चाली मात्र शेकडो संगीतकारांच्या. मध्यंतरी स्टॅनफर्ड या संगीतकाराची 'जी' (G) स्वरातली चाल ऐकली. त्यात एक कोवळा आवाज मरीयेचे गीत एकटाच गातो आणि खाली ऑर्गन सारखा गरगर फिरत राहतो, जणू मरीया सूत कातत बसली आहे. आम्ही वर्ध्याच्या शेजारचे लोक; चरखा म्हटले की आम्हाला दुसरेच कोणी आठवते, पण आवाज तोच. त्यानंतर शिमोनाचे गीत भारदस्त पुरुषी आवाजात येते : जे पाहायचे होते ते पाहिले, देवा, आता सुखाने जाऊ दे. माझ्या वयाला ते जरा जास्तच जवळून ऐकू येते. असो.

मला खरे सांगायचे आहे ते गाण्याबद्दल नाहीच. तिथे माइक आहे म्हणून प्रार्थना होत नाही. ती एरवीही झालीच असती. माइक पाहुण्यासारखा एका कोपऱ्यात जाऊन बसतो. निवेदक सुरुवातीला हळू आवाजात ठिकाण सांगतो आणि बाजूला होतो. कोणी खोकतो, लोक उठताना खुर्च्या सरकतात, शेवटचा स्वर दगडी छताखाली दोन-तीन सेकंद घुमत विरतो, आणि ते विरणेही ऐकवतात. आपल्या रेडिओत एवढी शांतता झाली तर लोक सेल बदलतील.

आमच्या मंडळाला एकदा एका प्रसारण केंद्रावर बोलावले होते. नऊ मिनिटे मिळाली. खोकला येणाऱ्यांनी बाहेर थांबावे असे सांगण्यात आले. आमचे सर्वांत वयस्कर बुवा, ज्यांचा आवाज फाटतो पण अभंग पाठ असलेला एकही चुकत नाही, ते अर्थातच बाहेर बाकावर बसले. ध्वनिमुद्रण स्वच्छ झाले. घरी ऐकले तेव्हा वाटले, हे कोण गात आहे?

माझा जन्म काटोल तालुक्यातला. वडील गुरुदेव सेवा मंडळाचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना दिवेलागणीला गावात होत असे. सतरंजी, सरळ रांगा, डोक्यावर टोपी, आणि कोणी बोलायचे नाही. संत्र्याच्या बागेतून परतलेली माणसे हातपाय धुऊन थेट येऊन बसत. विदर्भात आजही कितीतरी गावांत ती होते. महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटांनी जी मौन श्रद्धांजली होते, ती ज्याने उभे राहून अनुभवली आहे त्याला विचारा, एवढ्या गर्दीची शांतता कशी ऐकू येते ते.

तेव्हा माझी मागणी अशी. आपल्या भागातल्या रेडिओवाल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशी प्रार्थना जिथे होते तिथून, जशी होते तशी, थेट ऐकवावी. एका आठवड्यात एखाद्या खेड्यातली सामुदायिक प्रार्थना, दुसऱ्यात वस्तीतल्या विहारातली वंदना, कधी हरिपाठ, कधी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमधली उपासना. २९ नोव्हेंबर १९७० ला याच कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या पंथांची चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाले. मी तेव्हा नुकताच नागपुरात आलेला पोरगा, रस्त्यावरून गर्दी पाहत होतो. शहरातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसेल.

असले कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. बीबीसीने २००७ मध्ये बुधवारचे थेट प्रसारण हलवून रविवारी नेले, तेव्हा श्रोत्यांनी कुरकुर चालू ठेवली, आणि २००८ मध्ये बुधवार परत मिळाला. आपण तर अजून मागितलेलेच नाही.

निवेदक कमी बोलणारा पाठवावा. प्रायोजक चालेल, पण मध्ये नको. सुरुवात आमच्याकडून करायची असल्यास आमची प्रार्थना गुरुवारी दिवेलागणीला असते, प्लगपॉइंट डावीकडच्या खांबाला आहे. बुवा पुढच्याच रांगेत बसतील. छताचा पंखा कटकट करतो, तो मात्र बंद करता येणार नाही. नागपूरचा मे महिना आहे.

आपला,
एक निवृत्त आरएमएस कर्मचारी
मानेवाडा, नागपूर