खानदेशचे दप्तर खानदेशच्या जाणकारांकडून वाचून घ्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने ७ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली, तेव्हापासून जुन्या दप्तराकडे सामान्य माणसाचे लक्ष गेले आहे. एरवी आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव कोणी विचारले तर गप्प बसणारी घरे आज जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, फेरफार आणि कडईपत्रके (जुनी महसुली पत्रके) यांच्या नकला मागत आहेत. कुणबी दाखल्याचे काम संपले तरी वंशावळीची ही ओढ टिकावी असे मला मनापासून वाटते. मात्र या कागदांचे वाचन ज्या पद्धतीने उरकले जात आहे त्याबद्दल खानदेशापुरते काही सांगणे आवश्यक वाटते.

यातील बरेच कागद मोडी लिपीत आहेत. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर रेघ मारून घेई आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे लावत जाई. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वार तर बहुधा गाळलेलाच. त्यामुळे ‘पांडू’ हा कागदावर ‘पाडु’ होतो आणि ‘धोंडू’ हा ‘धोडु’. नाव, ‘बिन’ किंवा ‘वल्लद’ (म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’) आणि बापाचे नाव हे सारे एकाच सलग ओळीत असते. कोठे तोडायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणजे ज्याला अक्षर येते पण त्या मुलखातली नावे ठाऊक नाहीत, तो पदोपदी अडखळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अडखळत नाही आणि आपल्या ओळखीचे नाव लावून पुढे जातो.

आमच्याच घराण्याच्या एका नोंदीत असे झाले. बाहेरगावच्या एका मोडी वाचकाने करून दिलेल्या लिप्यंतरात बापाचे नाव ‘संपत’ आले होते. आमच्या घराण्यात संपत नावाचा कोणीही आठवणीत नव्हता, म्हणून मूळ पानाचे छायाचित्र मिळवून ते मोठे करून पाहिले. ‘स’ला उकार स्पष्ट होता. शेवटचा ‘ड’ आणि त्याचा उकार कारकुनाने एकाच फटक्यात ओढला होता आणि ते अक्षर घाईत ‘त’सारखे दिसत होते. त्याच नोंदवहीत पुढे, त्याच हाताने लिहिलेल्या ‘दगडू’ या नावात हाच ‘डु’ निर्विवाद सापडला आणि नाव ‘सुपडू’ ठरले. लहान मुले दगावणाऱ्या घरात जगलेल्या मुलाला सुपडू, उखर्डू, धुडकू, चिंधा अशी नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत होती. खानदेशातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ही नावे सांगावी लागत नाहीत. परक्या वाचकाला ती सुचत नाहीत, कारण ती त्याने कधी ऐकलेली नसतात. एका नावाची अशी चूक झाली की पुढची पिढी दुसऱ्याच घराला जोडली जाते, आणि प्रमाणित लिप्यंतरावरचा शिक्का पाहून ती चूक कोणी तपासतही नाही.

गावांच्या नावांचे तसेच आहे. जळगावजवळ शिरसोली प्र. न. आणि शिरसोली प्र. बो. अशी दोन गावे महसुली दप्तरात आजही आहेत, हे ‘प्र.’ म्हणजे जुना परगणा. वडगाव, पिंपळगाव, पिंप्री तर किती आहेत! परगण्याची अक्षरे गाळून लिप्यंतर झाले तर नोंद कोणत्या गावची हेच कळत नाही. शिवाय १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होईपर्यंत जिल्ह्याचा कारभार धुळ्याहून चाले, आणि नंदुरबार तर १९९८ साली वेगळा झाला. म्हणून आपला तालुका आज ज्या जिल्ह्यात आहे तेथेच शोधून थांबणाऱ्याने धुळ्याचाही विचार करावा.

सनांविषयी थोडक्यात लिहितो. पेशवाईच्या कागदावर ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असे असेल तर हे अरबी अंकशब्द आहेत; नऊ, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१९ हा शुहूर सन होतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८१८, म्हणजे खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला ते साल येते. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. फसली या महसुली सनात ५९० मिळवावेत.

घरी बसून वाचू पाहणाऱ्यांना एक पद्धत सुचवतो. प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते, म्हणून पुस्तकातली बाराखडी पुरत नाही. त्याच वहीतील निश्चित ठाऊक असलेले शब्द आधी घ्यावेत: गावाचे नाव, महिन्यांची नावे, पाटलाचे नाव. त्यांतून त्या हाताची अक्षरे वेगळी काढून कागदावर उतरवावीत आणि मग अडलेल्या शब्दाकडे वळावे. छायाचित्र चांगल्या उजेडात घ्यावे. कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या गावाची पाने असतील तर तीही पाहावीत. तेथे यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली नावे मिळतात आणि दप्तरातील वाचन त्यांच्याशी ताडून पाहता येते.

शासनाकडे मागणी अशी की, लिप्यंतराच्या प्रत्येक प्रतीवर मूळ ओळीचे छायाचित्र, नोंदवहीचे पान आणि वाचणाऱ्याचे नाव असावे. शंकास्पद अक्षर कंसात दाखवावे. जातीच्या रकान्यात कारकुनाने नुसते ‘कु.’ लिहिले असेल तर तेही तसेच उतरवावे, त्याचा विस्तार वाचणाऱ्याने आपल्या मनाने करू नये. पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीची परीक्षा घेते. ती उत्तीर्ण झालेल्या धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील तरुणांना तालुक्याच्या अभिलेख कक्षात मानधनावर नेमावे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन धुळ्यात झाले, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे आणि जळगावला विद्यापीठ आहे. या दोघांनी मिळून खानदेशी व्यक्तिनामे, आडनावे आणि परगणेवार गावे यांची एक सूची मोडी वळणांसह छापली तर वाचकांच्या हाती भरवशाचे साधन येईल. शाळेत मोडी गिरवलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून या सूचीचे काम याच वर्षी हाती घ्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, अमळनेर