यंग अ‍ॅडल्ट प्रेमकथा ‘हलक्याफुलक्या’ म्हणून मोकळं होऊ नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या पुरवणीत यंग अ‍ॅडल्ट (म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या) प्रेमकादंबऱ्यांची परीक्षणं अलीकडे नेमाने येऊ लागली आहेत, हे चांगलंच झालं. पण ती वाचून पुस्तक कसं आहे ते कळत नाही. निम्मी परीक्षणं ‘हलकंफुलकं, एका बैठकीत संपणारं’ म्हणून मोकळी होतात आणि उरलेली ‘हे मुलांच्या हाती द्यावं का?’ या काळजीत अडकतात. या कादंबऱ्यांचं बळ आणि त्यांची गोची बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे निवेदन. त्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.

या प्रकाराचा साचा सर्वसाधारणपणे ठरलेला आहे. सोळा ते अठरा वर्षांची नायिका किंवा नायक, प्रथमपुरुषी आणि बऱ्याचदा वर्तमानकाळी निवेदन, साठ ते ऐंशी हजार शब्द, आणि कथेचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा, फार तर एका शैक्षणिक वर्षाचा. सांगणारीला पुढचं काहीच माहीत नसतं. ‘तेव्हा मी किती वेडी होते’ असं मागे वळून म्हणण्याची सोय तिला नसते. म्हणूनच मोठ्यांच्या कादंबरीत एका ओळीत उरकणारी गोष्ट इथे तीन पानं खाऊ शकते आणि ती तीन पानं सार्थही ठरतात. पाठवलेला मेसेज वाचला गेल्याची खूण दिसते आणि दोन तास उत्तर येत नाही, एवढाच प्रसंग घ्या. कच्चा लेखक इथे धडधडतं काळीज आणि अडकलेला श्वास लिहून पुढे जातो. जाणता लेखक त्या दोन तासांत ती काय काय करते ते दाखवतो. फोन पालथा ठेवते, धाकट्या भावाला उगाच गणित शिकवायला बसते, त्याचं बरोबर आलेलं उत्तरही खोडते, आपलाच मेसेज पुन्हा वाचून त्यातला एक शब्द जरा जास्तच झाला असं ठरवते. पहिल्याच वेळी हे सगळं घडतं तेव्हा ताडून बघायला मागचा अनुभव नसतो. ते नेमकं पकडणं ही या प्रकाराची खरी कमाई आहे.

गोची इथेच सुरू होते. प्रेमात बुडालेली मुलगीच सगळं सांगत असेल, तर तिला न दिसणारं वाचकाला दिसणार कसं? नायक तिचा फोन घेऊन मेसेज चाळतो, न सांगता घरी येऊन उभा राहतो, ती मैत्रिणीबरोबर गेली की दिवसभर घुम्यासारखा बसतो. ती याला काळजी म्हणते. तिने तसं म्हणण्यात दोष नाही, त्या वयात पुष्कळ जणी म्हणतील. पुस्तकही तेच म्हणत असेल तर मात्र तो दोष आहे. आणि हा फरक दाखवायला भाषण लागत नाही. ‘त्याला भेटायच्या आधी मी मैत्रिणीचे मेसेज पुसून टाकते’ असं ती सहज सांगून पुढच्या वाक्यात कपड्यांबद्दल बोलू लागली, की वाचक चपापतो. तिला कळलेलं नसतं, वाचकाला कळतं. एका वाक्यात काम होतं.

हे वाक्य ज्यांना सुचत नाही, ते शेवटच्या प्रकरणात समुपदेशक आणून बसवतात. नाहीतर नायकाचं बालपण वाईट होतं असं सांगून त्याला माफ करून टाकतात. परीक्षण लिहिणाऱ्याने इथे एकच गोष्ट तपासावी. माफी मागून झाल्यावर तसाच प्रसंग पुन्हा येतो का आणि तेव्हा तो वेगळा वागतो का? तसा प्रसंगच नसेल, तर तो बदलला ही फक्त लेखकाची ग्वाही.

या अडचणीवरचा रूढ उपाय म्हणजे दोन निवेदक, एक प्रकरण तिचं आणि एक त्याचं. कल्पना चांगली, पण निभावणं अवघड. प्रकरणावरचं नाव झाकून मधलंच अर्धं पान वाचून बघावं. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल, तर दोन निवेदकांचा उपयोग शून्य. बरेच लेखक त्याच्या तोंडी चार शिव्या आणि तिच्या तोंडी चार हळवी वाक्यं घालून आवाज वेगळे केल्याचं समाधान मानतात. आवाज वेगळा होतो तो कोणाच्या नजरेत काय भरतं त्यावरून. एकाच खोलीत शिरल्यावर तिला कोण कोणाशी बोलत नाहीये ते आधी दिसेल आणि त्याला बाहेर पडायचं दार.

दोन निवेदकांची आणखी एक किंमत मोजावी लागते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. दोघांचंही एकमेकांवर प्रेम आहे हे वाचकाला पाचव्या-सहाव्या प्रकरणातच कळून चुकतं. मग उरलेलं पुस्तक तोलून धरायला अडथळा दणकट लागतो. तो नसला की गैरसमज उभा केला जातो. ती त्याला दुसऱ्या मुलीला मिठी मारताना बघते, ती त्याची बहीण निघते. साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झाल्यावर ताटातूट होते आणि नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी संपते. दोघांना एका खोलीत बसवून दहा मिनिटं खरं बोलायला लावलं तर कादंबरी संपते का, हे विचारून बघावं. संपत असेल तर तो अडथळा लेखकाने कथा लांबवण्यासाठी आणलेला. चांगल्या कादंबरीत दोघांना सगळं माहीत असतं, बोलूनही झालेलं असतं आणि तरी वाट निघत नाही. दोघांना वेगवेगळ्या शहरांत प्रवेश मिळालेला असतो, किंवा जिवलग मैत्रिणीला दिलेला शब्द आड येतो. अशा ताटातुटीचं बी पहिल्या चतुर्थांशातच पेरलेलं सापडतं.

प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल फार लिहायला नको. तिसरा कोन बहुधा इतका लेचापेचा असतो की निवड कोणाची होणार हे त्याच्या प्रवेशालाच समजतं. आईवडिलांना परदेशी पाठवून किंवा मारून टाकून घर रिकामं करणं हीदेखील निव्वळ सोय. घरात वडीलधारी माणसं असली की भेटण्याचा प्रत्येक प्रसंग रचावा लागतो, आणि तो रचण्यातच गंमत असते.

आजारपणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे ढिलाई फार चालते. समजा नायिकेला टाइप १ मधुमेह आहे. मलपृष्ठावर हे ठळकपणे छापलेलं असतं, आत ती जेवणाआधी रक्तातली साखर बघत नाही की इन्सुलिन घेत नाही. शेवटाकडे नाट्य हवं म्हणून एकदा बेशुद्ध पडते. वास्तविक या आजाराच्या रोजच्या व्यवहारातच प्रेमकथेचा ऐवज आहे. पार्टीत तासभर नाचल्यावर साखर ७०च्या खाली उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो, ती विनाकारण त्याच्यावर खेकसते. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. त्या १५ मिनिटांत त्याने काय करावं? ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणून जीव खाणारा मुलगा आणि जिन्यावर शेजारी बसून घड्याळ बघणारा मुलगा, यांतला फरक हीच प्रेमाची परीक्षा. त्यासाठी कोणाला मरावं लागत नाही. चार दिवस नीट अभ्यास केला तर हा प्रसंग कुठल्याही लेखकाला लिहिता येईल.

शेवटाबद्दल थोडं. प्रेमकथेचा शेवट आशादायी असावा ही वाचकाची अपेक्षा रास्त आहे, पण सतराव्या वर्षी जमलेलं प्रेम जन्मभर टिकेल अशी हमी द्यायची गरज नाही. अमेरिकी लेखिका ज्युडी ब्लूम यांच्या १९७५ सालच्या ‘फॉरएव्हर’ या कादंबरीमध्ये पहिलं प्रेम खरं असतं आणि तरीही सरतं. त्यासाठी खलनायक लागत नाही आणि नायिकेला शिक्षाही होत नाही. आजच्या कितीतरी पुस्तकांत मात्र ‘दहा वर्षांनंतर’ असं शेपूट जोडून लग्न, घर आणि जुळी मुलं दाखवली जातात. त्या चार पानांनी आधीची तीनशे पानं खोटी पडतात, कारण उद्याचं काही ठाऊक नसणं हाच तर त्यांचा जीव होता.

पुरवणीकडे एक मागणी आहे. परीक्षणातली निम्मी जागा कथानक सांगण्यात जाते आणि वाचायची मजा तिथेच संपते. त्याऐवजी दोघांच्या संवादाच्या आठ-दहा ओळी जशाच्या तशा छापा, निवेदन कोणाचं आणि कुठल्या काळात आहे ते सांगा, आणि हिंसा किंवा शारीरिक जवळीक कितपत आहे तेही एका ओळीत स्पष्ट लिहा, म्हणजे पालकांना मलपृष्ठावरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

कळावे,
आपली एक वाचक