इंग्रजी शब्द एकटे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोज पाच इंग्रजी शब्द आणि समोर त्यांचे मराठी अर्थ, अशी चौकट अनेक मराठी दैनिकांत असते. वाचक ती कापून वहीत चिकटवतात, पाठही करतात. बोलायची वेळ आली की मात्र शब्द आठवत नाही, आणि आठवलाच तर भलत्या जागी पडतो. यात वाचकाची चूक थोडी, चौकटीची जास्त. तेवढ्याच जागेत ती सुधारता येईल.

मुळात 'एक शब्द, एक अर्थ' ही मांडणीच फसवी आहे. 'उद्यापर्यंत थांबतो' आणि 'उद्यापर्यंत संपवतो' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'पर्यंत' पुरतो. इंग्रजीत थांबायचे ते 'टिल टुमॉरो' आणि संपवायचे ते 'बाय टुमॉरो'. क्रिया त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल. त्या वेळेच्या आत एकदा उरकायची असेल तर बाय. 'टिल म्हणजे पर्यंत' एवढेच पाठ केलेला माणूस 'आय विल फिनिश इट टिल टुमॉरो' म्हणणारच. 'पासून'चीही तीच गत: 'सोमवारपासून' म्हणजे 'सिन्स मंडे', पण 'दोन वर्षांपासून' म्हणजे 'फॉर टू इयर्स'. सुरुवात कधी झाली ते सांगितले तर सिन्स, किती काळ ते सांगितले तर फॉर.

क्रियापदांत घोटाळा याहून मोठा. आपले 'करणे' कुठेही खपते. इंग्रजीत चुकीला 'मेक' लागते आणि गृहपाठाला 'डू'. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. स्वप्न आपल्याला पडते, इंग्रजीत ते 'हॅव' करतात. 'चर्चा' म्हटले की आपल्याला 'विषयी' हवे असते, म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येते; खरे तर 'डिस्कस द प्लॅन' एवढेच पुरते. उलट 'एक्स्प्लेन मी' म्हणून भागत नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी' लागते. तेव्हा 'मिस्टेक = चूक' असे न छापता 'मेक अ मिस्टेक' असे जोडीने छापावे आणि खाली एक पूर्ण वाक्य द्यावे. जोडीदारासह पाठ केलेला शब्द वापरताना अडत नाही.

थोडक्या शब्दांत इंग्रजी भागवण्याचा प्रयोग जुना आहे. ब्रिटिश भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले आणि त्यात क्रियापदे ठेवली अवघी १८. ती कशी पुरली? 'पुट', 'गेट', 'टेक' यांना 'ऑफ', 'ऑन', 'अप' असली शेपटे लावून. पण 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे 'पुट म्हणजे ठेवणे' यावरून कुणालाही कळणार नाही. प्रत्येक जोडी हा नवा शब्दच. यादी छोटी दिसते, ओझे तेवढेच राहते.

सौजन्याच्या बोलीकडे तर या चौकटी पाहतच नाहीत. मराठीत आदर 'तू'चा 'तुम्ही' करून आणि 'द्याल का' म्हणून येतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून ते काम 'कुड' आणि 'वुड' करतात. नुसते 'प्लीज' चिकटवलेला हुकूम हुकूमच राहतो: 'प्लीज गिव्ह मी द फाइल' यापेक्षा 'कुड यू गिव्ह मी द फाइल?' मऊ लागते. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' याचा शब्दशः अर्थ 'खिडकी उघडायला तुमची हरकत आहे का?' म्हणून होकार द्यायचा तर 'नॉट ॲट ऑल' म्हणावे. नुसते 'येस' म्हणजे हरकत आहे. नकारार्थी प्रश्नातही असेच पाय घसरतात. 'तुम्ही येणार नाही का?' याला आपण 'हो, नाही येणार' म्हणतो, कारण आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत येस किंवा नो आपल्याच पुढच्या क्रियापदाशी जुळते: येणार नसाल तर 'नो, आय ॲम नॉट'. तिथे नुसते 'येस' म्हटलेत तर तुमची वाट पाहिली जाईल.

उच्चार देवनागरीत देता येतात ही आपली सोय. ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेतच. पण ते स्पेलिंगवरून नव्हे, कानावरून लिहावेत. 'प्लंबर'मधला ब आणि 'रिसीट'मधला प फक्त कागदावर असतो. आघाताचे, म्हणजे जोर देऊन म्हणायचे, अक्षर ठळक छापावे: 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. आघात हलला की स्वरही बदलतात. सगळी अक्षरे सारख्या जोराने म्हटली तर ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला चटकन उमगत नाही.

आता जागेचा हिशेब. पाच नवे शब्द रोज देऊ नयेत. एक नवा द्यावा आणि उरलेल्या चार जागांत कालचा, ३ दिवसांपूर्वीचा, ७ दिवसांपूर्वीचा आणि २१ दिवसांपूर्वीचा. म्हणजे प्रत्येक शब्द वाढत्या अंतराने पाच वेळा समोर येतो. उजळणी नसेल तर विसर पहिल्या दिवसांतच सर्वाधिक पडतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. वर्षाला १८२५ ऐवजी ३६५ होतील, पण वापरता येतील असे. 'बॉरो' (उसने घेणे) आणि 'लेंड' (उसने देणे) यांसारखी जोडी मात्र एकाच दिवशी देऊ नये; एकत्र शिकलेले विरुद्धार्थी शब्द डोक्यात अदलाबदल होतात. एक पक्का बसल्यावर दुसरा द्यावा.

उजळणीच्या चार जागांत इंग्रजी छापूच नये. फक्त मराठी वाक्य द्यावे, आणि उत्तर शब्दकोड्याच्या उत्तरासारखे खाली उलटे. इंग्रजी वाचून मराठी अर्थ सांगता येणे ही नुसती ओळख झाली. बोलताना उलट दिशेने जावे लागते.

आपली नम्र,
इंग्रजीची एक शिक्षिका