काका, त्या रात्रीच्या रुबिडियमबद्दल

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी बीमवर, म्हणजे त्वरकातल्या आयनांच्या झोतावर, काम करत होते; नीट बोलणं झालंच नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्यासाठी एक ओळ आहे, ती पुरत नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ऋण हेलियमचा, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या हेलियम आयनांचा, करंट दोन दिवस घसरत घसरत शून्याला टेकला होता, ती रात्र. क्वार्ट्झच्या बाटलीत गुलाबी प्लाझ्मा छान पेटलेला, म्हणजे धन आयन बनत होते. पुढे रुबिडियमच्या वाफेत त्यांना इलेक्ट्रॉन मिळत नव्हते. रुबिडियमची वाफ करणाऱ्या ओव्हनचं तापमान मी वाढवत बसले होते. तुम्ही आलात आणि ओव्हनकडे न बघता सेलच्या, म्हणजे वाफेच्या त्या कप्प्याच्या, थंड टोकाचं तापमान विचारलंत. २५ अंश, मी सांगितलं. वाफ बाहेर निसटू नये म्हणून मीच ते उतरवलं होतं.

"पोरी, थिजलेलं तूप ओघळतं का कधी?"

रुबिडियम ३९ अंशांना वितळतं. थंड टोकाशी वाफेचा द्रव व्हावा आणि तो ओघळत ओव्हनमध्ये परत यावा, तर सेल चालतो. माझ्याकडे तो तिथेच गोठून बसला होता. मी सेल उघडायला निघाले, तेव्हा तुम्ही हात धरलात. हवा लागताच पेट घेणारा धातू! टोक ५० अंशांवर नेलंत, स्टूल ओढलंत, म्हणालात, "आता बसायचं."

चार्ज एक्सचेंज, म्हणजे इलेक्ट्रॉनची ही देवाणघेवाण, मी खरं तर त्या स्टुलाशेजारी शिकले. साधा हेलियम जादा इलेक्ट्रॉन ठेवूनच घेत नाही. धन आयन आधी एक इलेक्ट्रॉन घेऊन उत्तेजित अवस्थेत अडकतो, आणि तसा असतानाच दुसरा मिळाला तर ऋण होतो. म्हणून रुबिडियम, ४.१८ इलेक्ट्रॉनव्होल्टला आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडून देणारा. तरी शंभरातले एक-दोनच आयन जमतात, आणि तेही फार तर काहीशे मायक्रोसेकंद टिकतात. "टर्मिनलपर्यंत पोचले की बास," तुम्ही म्हणालात, "तिथे आपण ते इलेक्ट्रॉन काढूनच घेणार आहोत." आमचा त्वरक टँडेम: ऋण आयन मधल्या धन व्होल्टेजच्या टर्मिनलकडे ओढले जातात, तिथे इलेक्ट्रॉन गमावून धन होतात आणि त्याच व्होल्टेजने पुढे ढकलले जातात. त्याची सगळी गंमत मला या एका वाक्यात कळली.

पहाटे बीमचा करंट मोजणाऱ्या फॅरेडे कपवर करंट दिसायला लागला. तुम्ही लॉगबुक माझ्याकडे सरकवलंत आणि नोंदीखाली माझी सही करायला लावलीत. तुमची नाही. ते पान मी अधूनमधून उघडून बघते.

चौथ्या प्रकरणातले सगळे आलेख त्याच बीमचे आहेत. प्रबंध बाइंडिंगहून आला की पहिली प्रत घेऊन घरी येते. काकूंना नमस्कार.

तुमची,
रात्रपाळीची विद्यार्थिनी